वस्तू दिसण्यापासून प्रकाश दिसण्यापर्यंत : कॅमेऱ्याच्या सरावाने नजर कशी घडते

छायाचित्रण शिकू लागलेल्या जवळपास प्रत्येकाला एक अनुभव लवकर येतो. समोर पाहताना जे दृश्य अतिशय सुंदर वाटले होते, तेच छायाचित्रात सपाट आणि गर्दीचे दिसते. माणसाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला असतो, चेहरा काळवंडलेला असतो आणि ज्या डोंगरासाठी कॅमेरा बाहेर काढला तो क्षितिजावर नखाएवढा उरलेला असतो. अशा वेळी बहुतेक जण कॅमेऱ्याला दोष देतात व अधिक महागड्या कॅमेऱ्याची चौकशी सुरू करतात. वास्तविक खांब तिथे होताच आणि चेहऱ्यावर सावलीही होती. कॅमेऱ्याने ती नोंदवली व आपण नोंदवली नव्हती, एवढाच फरक. स्मरणातले दृश्य आणि हाती आलेले चित्र यांच्यातील ही तफावत हाच छायाचित्रणाचा खरा अभ्यासक्रम आहे. पुढील प्रत्येक पायरी त्या तफावतीचा एकेक भाग हाती घेते.

तफावत का पडते हे आधी समजून घेतले, तर सराव यांत्रिक वाटत नाहीत. दृष्टिपटलावर अगदी स्पष्ट दिसण्याची जागा फार लहान असते. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढे, म्हणजे साधारण २ अंशांचे क्षेत्रच एका वेळी बारकाईने दिसते. नजर सेकंदाला तीन-चार उड्या मारते आणि त्या तुकड्यांवरून मेंदू अखंड दृश्य रचतो. रचताना तो कामाचे तेवढे ठेवतो. पांढरा कागद उन्हात असो, सावलीत असो की पिवळ्या दिव्याखाली असो, आपल्याला तो पांढराच वाटतो. दूर चालत गेलेला माणूस बुटका झाला असे आपण म्हणत नाही. रोजच्या जगण्यात ही फार मोठी सोय आहे, परंतु भिंग आणि प्रकाश टिपणारा सेन्सर यांना असली सवलत माहीत नसते. त्यामुळे कॅमेरा शिकणे म्हणजे बऱ्याच अंशी मेंदूने आपल्याला न विचारता केलेल्या दुरुस्त्या ओळखू लागणे होय.

पहिली पायरी : एकच भिंग आणि चौकटीचे भान

किमान एक महिना एकाच फोकल लेंथवर, म्हणजे भिंग किती रुंद दृश्य घेते हे ठरवणाऱ्या एकाच मिलिमीटर-आकड्यावर, काम करावे. ३६ × २४ मिलिमीटरच्या सेन्सरचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर असतो आणि त्याच्या आसपासचे, म्हणजे ४० ते ५० मिलिमीटरचे भिंग फार रुंदही नाही व फार अरुंदही नाही असे क्षेत्र दाखवते. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपले बहुतांश काम ५० मिलिमीटरच्या भिंगावरच केले. मोबाइलचा मुख्य कॅमेरा याहून बराच रुंद, सुमारे २४ ते २६ मिलिमीटरच्या तोडीचा असतो, आणि डोंगर नखाएवढा होण्याचे कारण तेच. मोबाइलवर शिकत असाल तर दोन बोटांनी चित्र मोठे करण्याची सवय महिनाभर पूर्ण बंद ठेवावी आणि जवळ जाणे शक्य असेल तिथे पायांनी जवळ जावे.

सराव असा : कॅमेरा डोळ्यापाशी नेण्याआधी, चौकटीच्या डाव्या कडेला काय येईल, उजवीकडे कोणती वस्तू कापली जाईल, वर किती आकाश राहील, हे मनात ठरवावे आणि मगच कॅमेरा उचलून पडताळावे. पहिल्या आठवड्यात अंदाज सपशेल चुकतो, बहुधा आपण चौकट प्रत्यक्षाहून लहान धरतो. दोन-तीन आठवड्यांत मात्र तो इतका जमू लागतो की कॅमेरा पिशवीत असतानाही चालता चालता कडा दिसू लागतात. नजरेत होणारा हा पहिला बदल आहे. झूम भिंगावर शिकणाऱ्याला तो फार उशिरा लाभतो, कारण चौकट दर वेळी बदलत असेल तर डोळ्याने लक्षात तरी काय ठेवायचे?

दुसरी पायरी : उजेड मोजण्याआधी उजेडाचा अंदाज

एक्स्पोजरचे, म्हणजे चित्रात किती प्रकाश नोंदवायचा याचे, गणित कोणत्याही प्राथमिक पुस्तकात मिळते, म्हणून ते थोडक्यात सांगतो. भिंगातून प्रकाश आत येण्याचे छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर. अ‍ॅपर्चरचे आकडे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात आणि प्रत्येक पुढच्या आकड्याला प्रकाश निम्मा होतो. शटर, म्हणजे प्रकाश आत घेण्याची वेळ, १/६० सेकंदावरून १/१२५ वर नेले की प्रकाश पुन्हा निम्मा. आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० वरून २०० वर नेला की चित्र तेवढ्याच प्रकाशात दुप्पट उजळ होते. या प्रत्येक निम्म्या-दुपटीला एक स्टॉप म्हणतात. आकडे पाठ होणे दोन दिवसांचे काम आहे. डोळ्याला स्टॉप कळू लागणे हे अनेक महिन्यांचे काम आहे, आणि ते फार थोडे लोक करतात.

सुरुवात उन्हापासून करावी, कारण स्वच्छ ऊन हे बऱ्यापैकी स्थिर माप आहे : अ‍ॅपर्चर १६ वर (एफ/१६) ठेवावे आणि शटरचा वेग आयएसओच्या आकड्याइतका, म्हणजे आयएसओ १०० असेल तर सुमारे १/१०० किंवा १/१२५ ठेवावा. तिथून ढगाळ हवा, झाडाखालची सावली, व्हरांडा, खोलीचा आतला कोपरा असे क्रमाने जात प्रत्येक ठिकाणी आधी अंदाज वहीत लिहावा आणि मग कॅमेऱ्याच्या मोजणीशी ताडून पाहावा. रात्री दिवा लावलेली खोली भर उन्हापेक्षा सहज आठ स्टॉप, म्हणजे २५६ पट अंधारी असते. डोळा काही मिनिटांत तिला सरावतो आणि ‘थोडा कमी उजेड आहे’ एवढेच आपल्याला कळवतो. वहीतील आकडे पाहिल्याशिवाय ही लबाडी लक्षात येत नाही.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापकावर, म्हणजे मीटरवरही, आंधळा विश्वास ठेवू नये. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे असे बहुतेक मीटर गृहीत धरतात. परंपरेने हे माप १८ टक्के परावर्तनाचे मानले जाते. पांढरा कपडा, करडा पुठ्ठा आणि काळा कपडा यांनी आळीपाळीने चौकट भरून, कॅमेरा स्वयंचलित ठेवून तीन चित्रे घ्यावीत. तिन्ही जवळपास सारख्याच करड्या छटेची येतात. त्यानंतर पांढऱ्यासाठी एक ते दोन स्टॉप वाढवून आणि काळ्यासाठी तेवढेच कमी करून पुन्हा घ्यावीत. अर्ध्या तासाच्या या प्रयोगाने ‘पांढरे’ ही वस्तूची ओळख आहे आणि ‘उजळ’ हे प्रकाशाचे प्रमाण आहे, हा भेद जितका पक्का होतो तितका तो वाचून होत नाही. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकी छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास मांडलेली झोन पद्धत याच भेदावर उभी आहे : दृश्यातील कोणता भाग छापील चित्रात किती गडद हवा, हे शटर दाबण्याआधी ठरवायचे.

तिसरी पायरी : एक खिडकी, एक वस्तू

या पायरीवर घाई करू नये असे मी आग्रहाने सांगेन. नजर खऱ्या अर्थाने बदलते ती इथेच, आणि नेमकी हीच पायरी लोक ‘यात नवीन काय’ म्हणून ओलांडून जातात.

एक खिडकी निवडावी आणि तिच्याजवळ एखादी पांढरी, साध्या आकाराची वस्तू ठेवावी; अंडे उत्तम, चुरगळलेला कागदही चालेल. वस्तू जागची न हलवता सकाळी, दुपारी व संध्याकाळी तिची चित्रे घ्यावीत. पुढच्या दिवशी तिला खिडकीपासून एक हात, दोन हात, चार हात असे दूर नेत घ्यावीत. छोट्या दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की प्रकाश एक-चतुर्थांश होतो; खिडकी मोठी असल्याने अगदी जवळ हा नियम तंतोतंत लागू पडत नाही, तरी प्रकाशाची घसरण डोळ्याला वाटते त्यापेक्षा बरीच तीव्र असते. खिडकीलगत बसवलेल्या माणसामागची भिंत चित्रात काळोखी होते आणि त्याच भिंतीजवळ नेलेल्या माणसामागे ती उजळते, याचे कारण हेच. पार्श्वभूमीत नको असलेला पसारा आवरण्याऐवजी माणसाला खिडकीकडे सरकवणे पुष्कळदा पुरते.

यानंतर सावलीची कडा पाहावी. सूर्याची तबकडी आकाशात केवळ अर्ध्या अंशाची दिसते, म्हणून उन्हातील सावली कापल्यासारखी असते. ढग आले की संपूर्ण आकाश हाच दिवा होतो आणि कडा विरघळते. प्रकाश मऊ की कठोर हे उगमाच्या ताकदीवर ठरत नसून वस्तूच्या मानाने तो उगम किती मोठा दिसतो यावर ठरते. हे एकदा उमगले की पांढरा पडदा, समोरची उजळ भिंत किंवा जमिनीवर पडलेले ऊन हे सगळे दिवेच आहेत असे दिसू लागते. कोणत्याही माणसाच्या बुबुळात चमकणारा ठिपका पाहिला तर उजेड कुठून, किती मोठ्या जागेतून येतो आहे हे कळते. ही सवय लागली की सुटत नाही. गंभीर विषयावर कोणी बोलत असताना आपण त्याच्या डोळ्यांतील खिडकी मोजत आहोत हे ध्यानात येऊन ओशाळायला होते.

रंगाचा अभ्यास यातच करावा. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगानुसार चित्राचे रंग जुळवणारी सोय, स्वयंचलित न ठेवता दिवसाच्या प्रकाशावर, म्हणजे सुमारे ५५०० केल्विनवर कायम करावा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचे माप : आकडा कमी तर नारिंगी, जास्त तर निळा). मेणबत्ती २००० केल्विनच्या जवळपास असते, जुन्या तारेचा बल्ब २७०० ते ३००० च्या दरम्यान आणि निळ्या आकाशाखालची सावली ७००० च्या वर जाते. स्वयंचलित व्हाइट बॅलन्स मेंदूप्रमाणेच या फरकांवर पांघरूण घालतो. तो बंद केला की सावल्या निळ्या, दिव्याखालचे चेहरे नारिंगी आणि हिरवळीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हनुवटीखाली हिरवट झाक दिसते. सुरुवातीला ही चित्रे बिघडलेली वाटतात. साधारण महिन्याभराने संध्याकाळच्या वेळी पांढऱ्या भिंतीवरील सावली कॅमेऱ्याशिवायही निळी दिसू लागते, आणि ती आजवर आपल्याला करडी कशी दिसत होती याचे आश्चर्य वाटते.

चौथी पायरी : एका डोळ्याने पाहणे

डोक्यातून उगवलेल्या खांबाचा उलगडा आता करू. दोन डोळ्यांना दृश्य किंचित वेगळ्या कोनांतून दिसते आणि त्या फरकावरून मेंदू माणसाला पार्श्वभूमीपासून अलग करतो. कॅमेरा एकाक्ष आहे. म्हणून चित्र घेण्याआधी एक डोळा मिटून क्षणभर स्थिर पाहावे. अंतराची जाणीव नाहीशी होते आणि खांब, फांदी, क्षितिजरेषा नेमकी कुठे भिडते ते दिसते. मग अर्धे पाऊल बाजूला सरकले, तरी बहुतेक वेळा काम भागते. शटर दाबण्यापूर्वी चारही कडांवरून नजर फिरवण्याची शिस्तही याच टप्प्यावर लावून घ्यावी.

अंतराचा परिणामही तपासावा. एकच चेहरा अर्ध्या मीटरवरून, दीड मीटरवरून आणि तीन मीटरवरून घ्यावा आणि नंतर तिन्ही चित्रे कापून चेहऱ्याचा आकार सारखा करावा. जवळच्या चित्रात नाक पुढे येते व कान मागे सरतात, दूरच्या चित्रात चेहरा भरीव आणि शांत दिसतो. हा बदल भिंगामुळे होतो असा सार्वत्रिक समज आहे. तो अंतरामुळे होतो, भिंग फक्त त्यातील किती भाग चौकटीत घ्यायचा ते ठरवते.

चौकटीचे तीन भाग पाडून विषय रेषेवर ठेवण्याचा नियम मी मुद्दाम सांगितलेला नाही. तो चुकीचा नाही, परंतु सुरुवातीलाच हाती पडला तर शिकणारा दृश्य पाहण्याऐवजी जाळी पाहू लागतो. त्याऐवजी घेतलेले चित्र पडद्यावर उलटे, डोके खाली करून पाहावे. मोठ्या आकाराच्या फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यांत घासलेल्या काचेवर प्रतिमा उलटीच दिसत असे आणि तिच्यावर काम करणाऱ्यांना तिचा फायदाच झाला : उलट्या चित्रात ‘माणूस’, ‘घर’, ‘झाड’ ही नावे गळून पडतात आणि उजळ-गडद आकारांचा तोल उरतो. चित्र एका बाजूला कलते आहे का, हे तेव्हा लगेच समजते.

पाचवी पायरी : क्षणाच्या आधी पोहोचणे

धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून उचललेले असतात का, हा प्रश्न नुसत्या डोळ्याने सुटला नव्हता. छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये ओळीने लावलेल्या कॅमेऱ्यांनी तो सोडवला. पाय उचललेले असतात खरे, पण चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या रंगवत आले तसे पुढे-मागे ताणलेले नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले. कॅमेऱ्याने काळाविषयी शिकवलेला धडा असा आहे की चालू हालचालीतील एकेक स्थिती आपल्याला दिसतच नाही, तिचा आपण अंदाज करतो.

छायाचित्रकाराला हा अंदाज उपयोगाचा करून घ्यावा लागतो. दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणून दिसल्यावर दाबलेले शटर नेहमी उशिराच असते. आरसा असलेल्या एसएलआर कॅमेऱ्यात तर चित्र नोंदले जाते त्या क्षणी आरसा वर जाऊन व्ह्यूफाइंडर, म्हणजे पाहण्याची खिडकी, काळा होतो. आपण टिपलेला क्षण आपण स्वतः पाहिलेलाच नसतो. तेव्हा एक चांगली जागा, चांगला उजेड आणि मोकळी पार्श्वभूमी शोधून तिथे अर्धा तास उभे राहावे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हालचालीतील लय ओळखून एका फेरीत दहापेक्षा अधिक चित्रे घेऊ नयेत. सेकंदाला वीस चित्रे घेणारी सोय वापरली तर एखादे चित्र नक्की मिळते, मात्र लय शिकायची राहून जाते. चालणाऱ्या माणसाचे पाऊल पूर्ण पसरण्याआधी त्याचा खांदा काय करतो हे एकदा कळले की दाबायची वेळ आपोआप साधते.

सहावी पायरी : निवड, आणि तीही उशिरा

चित्र घेतल्याबरोबर आपण चित्राकडे पाहत नाही, त्या वेळच्या आनंदाकडे किंवा कष्टाकडे पाहतो. उन्हात तीन तास चालून मिळालेले सामान्य चित्र आपल्याला असामान्य वाटते. म्हणून घेतलेली चित्रे निदान दोन आठवडे न पाहता ठेवावीत. अमेरिकी छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड हे आपल्या फिल्म मुद्दाम उशिरा धुवत, जेणेकरून टिपतानाची मनःस्थिती निवडीत डोकावू नये. १९८४ मध्ये ते वारले तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले होते. इतके टोक गाठण्याची गरज नाही.

निवडताना ‘आवडले’ आणि ‘नाही आवडले’ असे दोन ढीग करू नयेत. नापसंत चित्राखाली एका वाक्यात दोष लिहावा : उजेड सपाट, कड कापली, अर्धा क्षण उशीर, पार्श्वभूमीत उजळ ठिपका. शंभर चित्रांनंतर वही चाळली की आपला नेहमीचा दोष उघड होतो, आणि तो क्वचितच आपल्याला वाटत असतो तो असतो. माझ्या वहीत ‘फार दूरून’ हे शब्द इतक्या वेळा आले की पुढे मी फक्त ‘फा. दू.’ लिहू लागलो. मला मात्र तोवर आपला दोष एक्स्पोजरचा आहे याची खात्री होती.

या टप्प्याच्या आसपास एक निराशेचा काळ येतो. चित्रे तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होतात, पण एकसारखी दिसतात आणि सुरुवातीच्या अडाणी चित्रांतच काहीतरी अधिक होते असे वाटते. याचा अर्थ प्रगती थांबली असा नसतो; नजर हातापुढे गेली आणि पूर्वी न दिसणाऱ्या उणिवा आता दिसू लागल्या असा असतो. अशा वेळी नवी उपकरणे घेण्यापेक्षा तिसऱ्या पायरीवरच्या त्या खिडकीकडे परत जाणे अधिक फलदायी ठरते.

सातवी पायरी : कॅमेरा खाली ठेवणे

कॅमेरा नजर तीक्ष्ण करतो तसाच काही बाबतीत ती बोथटही करतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत संग्रहालयातील ज्या वस्तूंची चित्रे घेतली, त्या सहभागींना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून चित्र घेतले तेव्हा ही घट आढळली नाही. २०१७ मध्ये अ‍ॅलिक्झांड्रा बराश आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, काय टिपायचे हे स्वतः ठरवणाऱ्यांना दिसलेल्या गोष्टी अधिक आणि ऐकलेल्या गोष्टी कमी आठवल्या. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर उपाय स्पष्ट होतो : ‘घेऊन ठेवू, नंतर पाहू’ या वृत्तीने घेतलेले चित्र पाहण्याची जागा घेते, तर काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे ठरवून घेतलेले चित्र पाहायला भाग पाडते.

त्यासाठी नव्या जागी पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटे कॅमेरा बाहेर काढू नये. उजेड कोणत्या दिशेने येतो, सावल्या कुठे पडतात, लोक कुठे थांबतात, आवाज कसले येतात, एवढे आधी पाहावे व ऐकावे. आठवड्यातून एक दिवस कॅमेरा घरीच ठेवावा आणि त्या दिवशी जी चित्रे घेतली असती त्यांची नोंद वहीत करावी : उजेडाची दिशा, अंदाजे शटर आणि अ‍ॅपर्चर, चौकटीच्या कडांना काय आले असते, आणि कोणता क्षण. पहिल्या दिवशी दोन-तीन नोंदी होतील आणि त्यांत ‘सुंदर झाड’ असे काहीतरी लिहिलेले असेल. काही महिन्यांनी त्याच वहीत ‘डावीकडून खालून येणारा उजेड, ओल्या फरशीवरून परतलेला, एफ/४ ला १/६०, हनुवटी उजळ व कपाळ काळोखे, तिने मान वळवण्याच्या जरा आधी’ अशी नोंद सापडू लागेल.